क्रमवारीतला ७७२ वा

२०१६ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत मार्कस विलिस या ब्रिटिश खेळाडूने रिकार्डास बेरांकिसला ६-३, ६-३, ६-४ असे लोळवले. बेरांकिस तेव्हा जागतिक क्रमवारीत ५४ वा होता आणि विलिस ७७२ वा! पंचविशीचा हा गडी आईवडिलांच्या घरी राहत होता आणि वॉरिकच्या क्लबवर ताशी ३० पौंड घेऊन टेनिस शिकवत होता. खेळ सोडून अमेरिकेत प्रशिक्षकाची नोकरी धरायचे ठरत आले होते. प्रेयसीने अडवले म्हणून तो थांबला. वृत्तपत्रांना तेवढे पुरले. परीकथा, प्रेमकथा म्हणून रकानेच्या रकाने भरले गेले.

आम्हाला त्या प्रेमकथेत रस नाही. आमचा प्रश्न साधा आहे. ७७२ वा माणूस ५४ व्याला सरळ तीन सेटमध्ये हरवतो, तर ७७२ हा आकडा नेमके काय मोजत होता?

क्रमवारीचे गुण खेळूनच मिळतात आणि खेळायला विमानाचे तिकीट लागते, खोलीचे भाडे लागते. तळाच्या फ्युचर्स स्पर्धेत तेव्हा सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायची रक्कम होती १० हजार डॉलर. पहिल्या फेरीत हरणाऱ्याचा परतीचा खर्चही त्यातून निघत नसे. त्या वर्षी विम्बल्डनपूर्वी विलिस अशी एकच स्पर्धा खेळला होता, ट्युनिशियात. म्हणजे तो आकडा खेळ मोजत होता तितकाच खिसाही. विलिसचे वजन वाढले होते, शिस्तीच्या तक्रारी होत्या, हे खरेच. पण बापाच्या पैशावर फिरणाऱ्या पोराचा आळस क्रमवारीत इतका चटकन दिसत नाही!

मग तो आत आला कसा? ब्रिटिश खेळाडूंसाठी पात्रता फेरीआधीची एक निवड स्पर्धा होती. कोणीतरी माघार घेतली आणि शेवटची जागा याला मिळाली. फुकट काहीच मिळाले नाही. तिथे तीन सामने जिंकले, मग पात्रता फेरीत सुगिता, रुब्लेव आणि मेदवेदेव या तिघांना हरवले. हाच मेदवेदेव २०२१ मध्ये अमेरिकन ओपन जिंकला आणि २०२२ मध्ये जगात पहिला झाला. दार उघडले तेव्हाच कळले की बाहेर कोण उभा होता.

दुसऱ्या फेरीत सेंटर कोर्टवर समोर फेडरर. पहिला सेट ६-० गेला. दुसऱ्यात विलिसने पहिला गेम घेतला तेव्हा जेतेपद मिळाल्यासारखा जल्लोष झाला. शेवटी ६-०, ६-३, ६-४. हरूनही हाती ५० हजार पौंड आले. बोट क्लबवर तेवढ्यासाठी त्याला १६०० हून अधिक तास शिकवावे लागले असते.

पुढच्या वर्षी जे क्लार्कच्या जोडीने त्याने विम्बल्डनच्या दुहेरीत गतविजेत्या एर्बेर-माहू जोडीला घरी पाठवले. तरीही २०२१ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, आणि नंतर दुहेरीसाठी पुन्हा रॅकेट हाती घेतली. या दुसऱ्या पुनरागमनाला मात्र कोणी परीकथा म्हटले नाही.

२०२४ पासून पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेने किमान कमाईची हमी सुरू केली: पहिल्या शंभरांना वर्षाला ३ लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत ७५ हजार. पाऊल चांगले आहे, आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण ही हमी २५० वर येऊन थांबते, आणि विलिसचा एकेरीतला आजवरचा सर्वोच्च क्रमांक आहे ३२२.