परवाना कोणाला, मुभा कोणाला

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीच्या एखाद्या शेतकऱ्याला पीकरक्षणासाठी बंदूक हवी असेल, तर त्याला कोल्हापुरास जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा लागतो. अर्जदाराचा वंश कोणता, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. ही समता आज इतकी स्वाभाविक वाटते की, ती अवघ्या एका शतकाची आहे याचा विसर पडतो.

गडमुडशिंगीच्या नावातील 'गड' कोठून आला हा वाद पंडितांनी घालावा. कोल्हापूरच्या मुलखात गड म्हटला की 1844 चे गडकरी आठवतात. वंशपरंपरेने किल्ल्यांची राखण करणाऱ्या या शिबंदीची चाकरी व जमिनी धोक्यात येताच सामानगडापासून बंड पेटले. ते मोडल्यावर इंग्रजांनी किल्ल्यांचे तट पाडले. पुढे 31 जुलै 1857 रोजी कोल्हापुरात 27 वी पलटण उठली. कर्नल जेकबने पलटणीची हत्यारे उतरवून घेतली आणि चिमासाहेबांची रवानगी कराचीस झाली. त्याच वर्षी प्रजेला निःशस्त्र करणारा कायदा आला. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी हत्यारे देण्यास नकार दिला, तेव्हा लष्कराने गाव जाळले व अनेकांना फासावर चढविले. ज्यांचे पोट तलवारीवर होते, त्यांना तलवार टाकण्याचा हुकूम म्हणजे उपाशी मरण्याचा हुकूम होता, हे त्या गोऱ्या अंमलदारांना कळत नव्हते असे नाही.

तथापि 1857 चा कायदा भीतीपोटी झाला होता. 1878 चा शस्त्रकायदा थंड डोक्याने झाला. व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबीही त्याच वर्षी केली. या शस्त्रकायद्याच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, भाला आणि धनुष्यबाणही बसविले होते. परवान्यावाचून बंदूक बाळगणाऱ्यास तुरुंग ठरला. मात्र नियमांनी युरोपियनांना व युरेशियनांना त्यातून सूट दिली. कालपरवा बोटीतून उतरलेला गोरा कारकून विनापरवाना बंदूक घेऊन हिंडू शकत होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेला राबणाऱ्या शेतकऱ्याला रानडुकरासाठी साहेबाच्या दारी उभे राहावे लागत होते. काही राजेरजवाडे व सरदार यांनाही सूट होती. गोऱ्यांना जो जन्मसिद्ध हक्क, तोच एतद्देशीयांपैकी निवडक मंडळींना बक्षीस म्हणून मिळत होता.

असली व्यवस्था ही काही लिटनची प्रतिभा नव्हे. अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीने 1680 मध्येच गुलामांना शस्त्र बाळगण्याची बंदी केली होती. मार्च 1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्यांना नागरिकत्व नाकारले. त्यांनी दिलेल्या कारणांत एक असे होते की, ते नागरिक ठरल्यास त्यांना सर्वत्र शस्त्र घेऊन फिरता येईल. 1865 मध्ये गुलामगिरी संपली, आणि त्याच वर्षी मिसिसिपीने मुक्त काळ्यांना परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास मनाई केली! बेडी तुटली तरी परवान्याची साखळी राहिली. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील दास्यविमोचकांना अर्पण केली, तेव्हा येथल्या शूद्रातिशूद्रांच्या व तेथल्या काळ्यांच्या स्थितीतील हे साम्य त्यांना नेमके दिसले होते.

काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनात शस्त्रकायद्याविरुद्ध ठराव केला, हे खरे. परंतु त्या ठरावाचा आधार होता प्रजेची राजनिष्ठा. हक्क हा निष्ठेचे इनाम म्हणून मागितला की, निष्ठा कोणाची हे ठरविण्याचा अधिकार मालकाकडेच राहतो. महारांना याचा दाहक अनुभव आला. कंपनीच्या फौजेत लढलेल्या या समाजाची भरती 1890 नंतरच्या काळात थांबविण्यात आली, आणि गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज करावा लागला. संस्थानातील महार, रामोशी, बेरड यांची गुन्हेगार म्हणून होणारी हजेरी शाहू महाराजांनी 1918 मध्ये बंद केली. त्यांनी कोणाच्या निष्ठेचा दाखला मागितला नाही.

1920 च्या नियमांनी शस्त्रकायद्यातील वंशभेद काढला आणि 1959 मध्ये स्वतंत्र भारताने नवा कायदा केला. तरीही कोडगू जिल्ह्यातील कोडवांना वंशाच्या आधारे मिळालेली सूट चालूच राहिली. 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढविण्यात आली. साहेब गेला, साहेबाची वर्गवारी पुरती गेली नाही.

याहून महत्त्वाची तरतूद मात्र फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील 1995 च्या नियमांपैकी तिसरा नियम सांगतो की, अत्याचारप्रवण क्षेत्रातील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने शासनाने जरूर वाटल्यास रद्द करावेत आणि जरूर वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत. हलगली जाळणाऱ्या राज्याच्या कायदेपुस्तकाच्या अगदी उलट टोकाचा हा नियम आहे. दलितांच्या हाती बंदुका देऊन जातिव्यवस्था मोडेल, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. पण गावच्या पाटलाच्या भिंतीवरील बंदूक आणि दलितवस्तीतील रिकामे हात यांतील अंतर शासनाने मोजावे, एवढे तरी हा नियम मान्य करतो. तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हाधिकारी कचेरीत माहितीच्या अधिकाराखाली तीनच प्रश्न लेखी विचारावेत : जिल्ह्यात अत्याचारप्रवण क्षेत्रे कोणती ठरविली, या नियमाखाली किती परवाने रद्द केले, आणि किती दिले.