अटलांटिकवर सात रात्री



गेल्या वर्षी खामगावच्या थोरल्या घरी एक लहानशी कौटुंबिक सभा भरली. माझ्या पुतण्याचा चोवीस वर्षांचा मुलगा इंग्लंडमधील शिक्षण संपवून अमेरिकेत मावशीकडे जाणार होता. विमानाऐवजी साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जहाजाने जावे, असे त्याच्या मनाने घेतले. वहिनींनी दोनच प्रश्न विचारले : "चातुर्मासापुरता त्याने रात्रिभोजनाचा त्याग केला आहे, त्याचे काय? आणि एवढ्या पाण्यात त्याच्याशी बोलायला कोण?" हिशेब पाहण्याचे काम जुन्या सवयीप्रमाणे माझ्याकडे आले.

खामगावचा आगगाडीचा फाटा 1870 साली कापसासाठी सुरू झाला. वऱ्हाडातील कापूस समुद्रापार जात होता. माणसे मात्र समुद्र ओलांडण्यास कचरत. तरीही आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वेळी त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले होते. दहा वर्षांनी वीरचंद गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस जैनांचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्यांचे वय एकोणतीस. म्हणजे वहिनींचा प्रश्न नवा नव्हता, आणि त्याला तरुणांनी दिलेले उत्तरही नवे नव्हते.

आता व्यवहाराचे. या मार्गावर 'क्वीन मेरी 2' हे जहाज 2004 पासून चालते. प्रवास बहुधा सात रात्रींचा असतो. मध्ये एकही बंदर लागत नाही. ब्रिटन व अमेरिका यांच्या वेळांत साधारण पाच तासांचे अंतर असल्याने, पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. विमानाने उतरल्यावर होणारे झोपेचे हाल त्यामुळे होत नाहीत. परतीच्या दिशेने मात्र तेच तास हातचे जातात.

भाड्याचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. खोली दोघांची धरलेली असते. एकट्या प्रवाशाला पुष्कळदा जवळजवळ दोघांचे भाडे पडते. कर्मचाऱ्यांच्या बक्षिसीची रक्कम रोज खात्यावर चढते. इंटरनेट, पेये आणि जहाजावरील डॉक्टर यांचे पैसे निराळे. सारे व्यवहार डॉलरमध्ये होतात. म्हणून वैद्यकीय विमा आधी घ्यावा आणि भाड्याखेरीज वेगळी तरतूद करावी. भारतातून सहल खरेदी करताना कापला जाणारा टीसीएस हा खर्च नव्हे. विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता होतो. अमेरिकेचा व्हिसा हाती आल्याशिवाय तिकिटाचे पैसे गुंतवू नयेत.

जेवणाबाबत केवळ 'शाकाहारी' एवढे लिहून भागत नाही. केकमध्ये अंडे, गोड पदार्थांत जिलेटिन, रश्श्यात कांदा-लसूण असू शकतो. काय चालत नाही त्याची यादी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावी आणि पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या प्रमुखास भेटावे. खाकरे सोबत असावेत. उतरताना शिल्लक राहिलेले खाद्य अमेरिकेच्या अधिकाऱ्यांना न लपवता सांगावे. ऑक्टोबरात उत्तर अटलांटिक खवळलेला असतो. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील खोलीत हेलकावे कमी जाणवतात. मळमळीवर आले सुचवतील; ते आपल्याला वर्ज्य असले तरी सुंठ चालते. वहिनींनी सुंठेची पुडी आधीच धाडली होती.

सहप्रवासी बहुतांशी माझ्या वयाचे असतात, हे तरुणांनी गृहीत धरावे. व्याख्याने, ग्रंथालय, नाटक, नृत्य, व्यायामशाळा सारे असते. पण दोन दिवसांत ते पाहून होते. तिसऱ्या दिवशी आमच्या चिरंजीवांना भयंकर कंटाळा आला. बाहेर सगळीकडे पाणी, आणि इंटरनेटचे पैसे मोजण्याची तयारी नाही.

खरी अडचण संध्याकाळची निघाली. भोजनगृहातील पहिली पंगत सहाला बसे आणि दीड तास चाले. सूर्य त्या आधीच किंवा त्या सुमारास मावळे. जूनमध्ये तिकडे नऊनंतरही उजेड असतो, ऑक्टोबरात तसे नाही. दिवसभर उघडे असणारे उपाहारगृह होते. तेथे तो पाचलाच जेवून घेई आणि नंतर नेमून दिलेल्या टेबलावर पाण्याचा थेंबही न घेता बसे. पहिल्या दिवशी त्याने पोट बिघडल्याचे निमित्त सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याची त्यालाच लाज वाटली. टेबलावरच्या वृद्ध इंग्रज दांपत्यास त्याने सूर्यास्ताचा नियम आणि त्यामागचा अहिंसेचा विचार, जमेल तसा, समजावून सांगितला. "आबा, तोवर मी आजीसाठी पाळत होतो," तो मला म्हणाला. "कुणी विचारल्यावर मला स्वतःचे कारण शोधावे लागले." चौथ्या दिवसापासून ते दांपत्य पाचला चहा घेऊन त्याच्या सोबत बसू लागले. वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले.

मुलांना दूर पाठवताना आपण तिकीट, विमा, खाकरे सारे मोजून देतो. नियम का पाळायचा, हे मात्र बांधून देता येत नाही. ते त्यांना एकट्यानेच गाठावे लागते. त्याकरिता सात रात्रींची फुरसत मला महाग वाटली नाही, आणि हे मी चौतीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस म्हणून लिहितो आहे.

आता त्याच्या धाकट्या बहिणीलाही जहाजाने जायचे आहे. या वेळी सभा भरली नाही. वहिनींचा फोन आला : "भाऊजी, त्या दिवसांत तिकडे सूर्यास्त किती वाजता होतो, तेवढे पाहून ठेवा."