धुराचा हिशेब कोणी पडताळायचा?

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दोन मोठी वीजकेंद्रे उभी आहेत. जयगडचे 1,200 मेगावॉटचे केंद्र दगडी कोळशावर चालते. अंजनवेलचा प्रकल्प, म्हणजे पूर्वीचा दाभोळ प्रकल्प, 1999 साली नाफ्त्यावर सुरू झाला, 2001 साली बंद पडला आणि पुढे नव्या कंपनीच्या हाती नैसर्गिक वायूकडे वळला. अशा केंद्रांतून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, याचे उत्तर सामान्यतः धुराड्यात मोजून नव्हे, तर जळालेल्या इंधनावरून गणिताने काढले जाते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण 2006 पासून देशातील वीजकेंद्रांचे असे आकडे प्रसिद्ध करीत आले आहे.

ही पद्धत मुळात शास्त्रशुद्ध आहे. एक किलो कार्बन पूर्ण जळाला, की सुमारे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यात मतभेदाला जागा नाही. मतभेद आहे तो कोळशात कार्बन किती, याविषयी. नैसर्गिक वायूची घडण बरीचशी एकसारखी असते. कोळशाची मात्र खाणीगणिक बदलते. राख आणि ओलावा वाढला, की कार्बनचा वाटा घटतो. समजा, दहा लाख टन कोळशात कार्बन 60 टक्के धरला आणि प्रत्यक्षात तो 55 टक्के निघाला, तर हिशेबात एक लाख ऐंशी हजार टनांहून अधिक वायूची तफावत पडते!

ही शंका केवळ काल्पनिक नव्हे. चीनमधील कोळशाचे नमुने प्रत्यक्ष तपासले असता, जागतिक संकेतानुसार गृहीत धरल्या जाणाऱ्या मूल्यांपेक्षा त्यांचा उत्सर्जन-गुणांक सरासरी 40 टक्क्यांनी कमी असल्याचे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. उलट त्याच वर्षी त्या देशाने आपल्या कोळशाच्या वापराचे जुने आकडे वाढवून दुरुस्त केले. वहीतील चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते, हाच याचा बोध.

म्हणून वहीला हवेची साक्ष जोडली पाहिजे. कोट्यवधी वर्षे भूगर्भात राहिलेल्या इंधनात कार्बन-14 उरलेला नसतो. झाडपाला जळून निघणाऱ्या वायूत तो असतो. हवेचा नमुना तपासून या दोहोंचा वाटा वेगळा काढता येतो. या कामासाठी आपला किनारा अनुकूल आहे. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, हिवाळ्यात भूमीवरून; त्यामुळे एकाच ठिकाणी दोन्हींची तुलना होते. गोव्यातील काब द राम येथे 1993 पासून अशा नमुन्यांचे संकलन झाले, तर पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 2009 साली सिंहगडावर निरीक्षण सुरू केले. मात्र एकदोन ठाण्यांवरून एखाद्या जिल्ह्याचा हिशेब लागत नाही.

2022 साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन 2023 साली कार्बन-पतांच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली. उत्सर्जनाला किंमत आली, की आकड्यातील चूक हा पैशाचा आणि न्यायाचा प्रश्न होतो. तेव्हा प्रत्येक मोठ्या केंद्राने आपल्या कोळशाच्या पृथक्करणाचे निष्कर्ष जाहीर करावेत आणि कोकण किनाऱ्यावर हवेच्या निरीक्षणाचे कायम ठाणे असावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. ज्याचा धूर, त्याचीच वही आणि त्याचाच तपासनीस, ही व्यवस्था कोणत्याही कचेरीत चालत नाही. ती हवेच्या बाबतीतच का चालावी?