नलूचे संवाद कोण वाचणार?



२७ फेब्रुवारीला आपण शाळेत मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. हा कवी कुसुमाग्रज म्हणजेच वि. वा. शिरवाडकर यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १९१२ साली पुण्यात झाला. पण त्यांचे बरेचसे आयुष्य आपल्या नाशिकमध्येच गेले. १० मार्च १९९९ रोजी याच शहरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांना १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, हे तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे 'नटसम्राट'.

या नाटकाचे नाव वर्गात घेतले की कोणीतरी हात वर करतो आणि म्हणतो, "मॅडम, आम्ही सिनेमा पाहिला आहे. मग नाटक कशाला वाचायचे?" प्रश्न योग्य आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही. आज मी त्याचेच उत्तर देणार आहे.

आधी कथा थोडक्यात पाहू. गणपतराव बेलवलकर हे रंगभूमीवरचे थोर नट. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. निवृत्त होताना ते आपली सारी मिळकत मुलाला आणि मुलीला देऊन टाकतात. आता आपण आणि आपली पत्नी कावेरी मुलांच्या घरी सुखाने राहू, असे त्यांना वाटते. कावेरीला ते प्रेमाने 'सरकार' म्हणतात. पण मुलाच्या घरी खटके उडू लागतात. अप्पांचे मोठ्याने बोलणे आणि नातीला लावलेले वळण सुनेला पटत नाही. मग दोघे मुलीकडे जातात. तिथे पैसे नाहीसे होतात आणि संशय अप्पांवर येतो. तो संशय पुढे खोटा ठरतो, परंतु तोपर्यंत घाव बसलेला असतो. कावेरी जग सोडून जाते. ज्याच्यासाठी नाट्यगृहे भरून वाहत, तो नट रस्त्यावर येतो. तिथे त्याला आधार देतो तो बुटांना पॉलिश करणारा राजा नावाचा एक गरीब मुलगा.

या नाटकाचा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मध्ये मुंबईत झाला. गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगमंचावर आणले. पुरुषोत्तम दारव्हेकर दिग्दर्शक होते आणि अप्पांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चित्रपट पुष्कळ उशिरा, १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक महेश मांजरेकर आणि अप्पा झाले नाना पाटेकर. नाटकातल्या नंदन आणि नलिनी या भावंडांची नावे चित्रपटात मकरंद आणि विद्या अशी झाली.

काही लोक म्हणतात, चित्रपटाने मूळ नाटक बदलले, म्हणून तो कमी दर्जाचा. मला हे म्हणणे मान्य नाही. कारण शिरवाडकरांनीही एक जुनी कथा बदलूनच 'नटसम्राट' लिहिले. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' या शोकांतिकेत एक म्हातारा राजा आपले राज्य मुलींना वाटून देतो आणि पुढे बेघर होतो. शिरवाडकरांनी राजाच्या जागी नट आणला. सिंहासनाच्या जागी रंगमंच आला. लिअरची एक मुलगी, कॉर्डेलिया, त्याच्यावर खरे प्रेम करणारी आहे. 'नटसम्राट'मध्ये कॉर्डेलिया नाही. ज्या मुलीवर बापाचा जीव आहे, तीच नलू त्याला सर्वांत खोल जखम करते.

तुम्ही उर्दू शिकता, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. याच लिअरच्या कथेवरून विसाव्या शतकाच्या आरंभी आगा हश्र काश्मीरी यांनी पारशी रंगभूमीसाठी उर्दूत 'सफेद खून' हे नाटक लिहिले. खून सफेद होणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी समजावून सांगायला नको. रक्ताच्या नात्यातली माया आटली की आपल्या घरातली मोठी माणसे हेच शब्द वापरतात. पाहा, एकच कथा इंग्रजीतून उर्दूत आली, मराठीत आली आणि प्रत्येक ठिकाणी नवा पोशाख घालून उभी राहिली. तेव्हा चित्रपटाने बदल केले, हा काही गुन्हा नव्हे. बदल करून काय मिळवले आणि काय गमावले, एवढेच आपण पाहावे.

मिळवले तेही पुष्कळ आहे. माझ्या अम्मीने कधी मराठी नाटक पाहिले नव्हते. कालिदास कलामंदिरावरून ती शेकडो वेळा गेली असेल. पण आत कधी गेली नाही. हा चित्रपट मात्र तिने माझ्याबरोबर पाहिला आणि अर्धे शब्द न कळूनही ती रडली. नानांचा चेहरा पडदाभर दिसतो. डोळ्यांची उघडझाप, ओठांची थरथर, सारे दिसते. नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. शिवाय चित्रपटाने मूळ नाटकात नसलेला रामभाऊ नावाचा मित्र अप्पांना दिला. ही भूमिका विक्रम गोखले यांनी केली. रुग्णालयात ते दोन म्हातारे नट कर्ण आणि कृष्ण होऊन बोलतात, तो प्रसंग विसरता येत नाही.

मग गमावले काय? नाटकातले अप्पा एकाच नटाचे नाहीत. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी ते उभे केले. प्रत्येकाचे अप्पा निराळे होते. चित्रपटातले अप्पा मात्र कायमचे नाना पाटेकरांचेच राहणार. पण माझ्या दृष्टीने यापेक्षाही मोठी गोष्ट दुसरीच आहे. चित्रपटात कॅमेरा जिथे उभा राहतो, तिथूनच आपल्याला पाहावे लागते. या चित्रपटातला कॅमेरा बहुतेक वेळ अप्पांजवळ आहे. आपण त्यांच्याबरोबर रडतो आणि मुलांवर रागावतो. चित्रपट संपल्यावर आपल्याला वाटते, 'किती वाईट मुले! आपण असे कधीच करणार नाही.'

मलाही असेच वाटले होते. २०१६ साली मी बी.एड. करत होते. चित्रपटगृहातून बाहेर पडताना विद्याला मी मनातल्या मनात खूप बोल लावले.

काही वर्षांनी शाळेत मी नववीच्या मुलांना या नाटकातला काही भाग मोठ्याने वाचायला दिला. अप्पा व्हायला सात-आठ जण तयार होते. राजा व्हायला मुलांनी भांडण केले. कावेरीसाठीही एक मुलगी मिळाली. पण नलूचे संवाद वाचायला कोणीच उठेना. "मॅडम, ती वाईट आहे," असे एक मुलगी म्हणाली. शेवटी मी म्हटले, "ठीक आहे, नलू मी होते."

मी वाचायला सुरुवात केली. वडिलांना पैशांबद्दल विचारणारी मुलगी आता मी होते. दोन-तीन वाक्ये वाचली आणि माझा आवाज अडखळला. मला आमच्या दादीचे पानदान आठवले.

मी तेव्हा दहावीत होते. जुन्या नाशकातल्या आमच्या घरात दादी आमच्याजवळ राहत होती. एके दिवशी कपाटातले पाचशे रुपये सापडेनात. अम्मी शोधत होती, अब्बा चिडले होते. दादी अधूनमधून गल्लीतल्या गरीब बायांना काहीबाही देत असे, हे सर्वांना ठाऊक होते. मी सहज विचारले, "दादी, तुम्ही तर नाही ना घेतलेत?" आवाज चढवून नाही, रागानेही नाही, अगदी सहज. दादी काही बोलली नाही. तिने आपले पानदान उचलले, झाकण उघडले आणि आमच्यासमोर पालथे केले. सुपारी, कात, चुन्याची डबी आणि थोडी नाणी चादरीवर पडली. मग तिने एकेक वस्तू उचलून परत आत ठेवली. संध्याकाळी ते पैसे अब्बांच्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात सापडले. कोणी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही दादीची माफी मागितली नाही. दादीला जाऊन आता बरीच वर्षे झाली.

चित्रपट पाहताना मी इतकी रडले. पण हे पानदान मला एकदाही आठवले नाही. का? कारण मी अप्पांच्या बाजूला बसले होते. नाटक वाचताना मला नलूच्या जागी उभे राहावे लागले. तिचे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले, तेव्हा मला कळले की नलू राक्षसीण नाही. ती घाबरलेली, गोंधळलेली, संसार सांभाळणारी एक साधी मुलगी आहे. आणि अप्पाही निर्दोष नाहीत. ते घरातही रंगमंचावर असल्यासारखे बोलतात, सारे काही एका झटक्यात देऊन टाकतात आणि मुलांनी आपल्याला कायम राजासारखे वागवावे अशी अपेक्षा ठेवतात. लिअर राजाचीही चूक अशीच होती. शोकांतिकेत एक दुष्ट आणि एक सज्जन असे सरळ वाटप नसते. चांगली माणसेच एकमेकांना दुखावतात, म्हणून तर तिला शोकांतिका म्हणायचे.

कोणी म्हणेल, नाट्यगृहात बसलेला प्रेक्षकही अप्पांसाठीच रडतो. खरे आहे. परंतु रंगमंचावर अप्पा बोलत असताना नलूही समोर उभी असते. तिच्याकडे पाहायला आपल्याला कोणी अडवत नाही. आणि नाटक वाचायला घेतले, तर कोणालातरी नलू व्हावेच लागते. नाटकाच्या पुस्तकाचा हा विशेष गुण आहे.

म्हणून माझे सांगणे असे, की चित्रपट जरूर पाहा. घरातल्या सर्वांना बरोबर घेऊन पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका. ग्रंथालयातून 'नटसम्राट' आणा, चार मित्र एकत्र बसा आणि मोठ्याने वाचा. काही शब्द अडतील. अडले तर शब्दकोश पाहा, शिक्षकांना विचारा. मराठी आपली दुसरी भाषा असली, तरी मोठ्याने वाचल्याने ती जिभेवर बसते, हा फायदा वेगळाच.

भूमिका वाटताना मात्र एक करा. जे पात्र तुम्हांला मुळीच आवडत नाही, त्याचे संवाद स्वतःकडे घ्या. आमच्या वर्गात त्या दिवशी तास संपल्यावर, 'ती वाईट आहे' म्हणणारी मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, उद्या नलू मी वाचू का?" मी पुस्तक तिच्या हातात दिले. त्या रात्री घरी गेल्यावर मी दादीचे पानदान माळ्यावरून खाली काढले, स्वच्छ पुसले आणि माझ्या टेबलावर ठेवले. ते अजून तिथेच आहे.