पोस्टकार्डाला मान, प्रवासाला का नाही?

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत मंडळातल्या एका काकांशी माझा वाद झाला. विषय होता मोबाईलवरून बोलावलेल्या टॅक्सीचा. काकांचे म्हणणे असे, की ज्याने चोरी केली नाही त्याने पोलिसांना कशाला घाबरायचे? कोण कुठून कुठे गेला याच्या सगळ्या नोंदी खुशाल द्याव्यात त्यांना! देवापुढे भांडण नको म्हणून मी गप्प बसलो. आता स्मरणिकेत पानभर जागा मिळाली आहे, तेव्हा उत्तर इथेच देतो.

काकांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. मनामात बसून पुण्यातल्या आईसाठी गाडी बोलावणारे आपल्यात घरटी एक तरी निघेल. नकाशावर तो ठिपका दवाखान्याच्या दारात थांबला की आपल्या जिवात जीव येतो. 2007 साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीचा कंपनीच्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह खून केला. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. अशा वेळी गाडी कोणती, चालक कोण, रस्ता कोणता, हे पोलिसांना तासाभरात कळलेच पाहिजे. नोंद असावी आणि गुन्ह्याच्या तपासाला मिळावी, याबद्दल माझे काकांशी भांडण नाही.

भांडण आहे ते कोणाच्या हुकुमाने मिळावी, याबद्दल.

आपल्याकडचा कायदा पाहा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 नुसार पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासासाठी लेखी आदेश देऊन कोणाकडूनही कागदपत्र मागवू शकत असे. न्यायाधीशाची सही लागत नसे. पण टपाल खात्याच्या ताब्यातले पत्र, पोस्टकार्ड, तार यातून वगळलेली होती. त्यांच्यासाठी कलम 92 वेगळे होते आणि तिथे जिल्हा दंडाधिकारी किंवा न्यायालयच हुकूम देऊ शकत असे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, कलमांचे आकडे 94 आणि 95 झाले, व्यवस्था तीच राहिली. म्हणजे 50 पैशांचे पोस्टकार्ड, जे पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचतात, त्याला दंडाधिकाऱ्याचे संरक्षण. आणि माझ्या आईच्या वर्षभराच्या फेऱ्यांना ठाणेदाराचा एक कागद पुरेसा! ती कोणत्या डॉक्टरकडे जाते, कोणत्या वकिलाकडे, घर किती तास बंद असते, हे सगळे त्या यादीत आहे.

ठाणेदार सज्जन असेलही. पण 2013 चे दिल्लीतले प्रकरण आठवा. राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या मोबाईलच्या कॉल नोंदी मागवण्यात आल्या होत्या. मागणी गेली ती एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या अधिकृत ईमेलवरून, आणि ती पाठवल्याबद्दल अटक झाली एका शिपायाला. विरोधी पक्षनेत्याची ही गत, तर तुमच्याआमच्या आईचे काय? 2018 मध्ये ठाणे पोलिसांनीच कॉल नोंदींचा चोरटा बाजार उघडकीला आणला आणि खासगी गुप्तहेरांना अटक केली. जी माहिती सहज मागता येते ती सहज विकलीही जाते, काका.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. 2023 मध्ये व्यक्तिगत माहितीचा कायदाही आला, पण गुन्ह्याच्या तपासाला त्यात भरघोस सूट आहे. इथे बहारीनमध्येही 2018 चा 30 क्रमांकाचा कायदा 1 ऑगस्ट 2019 पासून लागू आहे आणि राष्ट्रीय सुरक्षेचे काम त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. अमेरिकेत मात्र 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्यात स्पष्ट केले, की मोबाईलवरून माणसाचा अनेक दिवसांचा माग काढायचा तर पोलिसांनी आधी न्यायाधीशाचे वॉरंट आणावे. त्या खटल्यात 127 दिवसांच्या नोंदी होत्या. आपल्या टॅक्सीच्या नोंदी याहून कमी बोलक्या आहेत काय?

आखातात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पगार थकलेली घरकामवाली बाई मालकाचे घर सोडून टॅक्सीने सीफला आपल्या दूतावासात जाते. ती कुठे उतरली हे कोणाला कळावे आणि कोणाला कळू नये, यावर तिचे सगळे अवलंबून असते. तिने तरी कुठे चोरी केलेली असते?

माझे मागणे फार नाही. एखाद्या गुन्ह्यातली एखादी फेरी हवी असेल तर पोलिसांनी जरूर मागावी, जीव धोक्यात असेल तर लगेच मागावी आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाला कारण सांगावे. पण एखाद्याच्या महिनोन्महिन्यांच्या फेऱ्या हव्या असतील तर आधी न्यायाधीशाची सही आणावी. तपास संपल्यावर त्या माणसाला कळवावे आणि किती मागण्या आल्या, किती मान्य झाल्या, हे कंपन्यांनी दरवर्षी छापावे.

काकांना हे पटणार नाही, ठाऊक आहे मला. त्यांनी पुढच्या वर्षीच्या अंकात जरूर उत्तर लिहावे. एक पान राखून ठेवा, असे संपादकांना मी आत्ताच सांगून ठेवले आहे.