रुतलेली सुरी

अंगांत सुरी रुतलेली पाहिली कीं ती आधीं उपसावी, असें कोणाही आप्तास वाटतें. पण तसें कदापि करूं नये. तुटलेल्या रक्तवाहिनीचें तोंड कित्येकदां त्या पात्यानेंच दाबून धरलेलें असतें. भोंवतीं स्वच्छ कापड लावून पातें हलूं न देतां रोग्यास इस्पितळांत न्यावें. शस्त्रवैद्य रक्ताची तजवीज करून मगच तें काढतात.

मात्र पोटांत भोंसकलेल्या प्रत्येकाचें पोट उघडतातच असें नाहीं. ब्रुकलिनचे शस्त्रवैद्य शाफ्टन यांनीं १९६० सालीं या जुन्या दंडकास हरकत घेतली. रोगी शुद्धीवर, रक्तदाब ठीक व पोट मऊ असल्यास पुनःपुन्हां तपासून वाट पाहतात. पोट ताठरलें कीं तत्काळ शस्त्रक्रिया. बाहेर बसलेल्या मंडळींस मात्र डॉक्टर स्वस्थ बसले आहेत असें भासतें. आम्हीही एका रात्रीं असेच चडफडत बसलों होतों.