कशानं मेला ते लिहा

हृदयक्रिया बंद पडली. श्वसन बंद पडलं. कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट.

आमचा माणूस मेला की डॉक्टर लोक एवढंच लिहितात आणि खाली सही ठोकतात. अरे, मेलेल्या प्रत्येकाचंच हृदय बंद पडतं. शेठचं पडतं, हमालाचं पडतं. फाशी दिलेल्याचं, भुकेनं मेलेल्याचं, गटारात गुदमरलेल्याचं, सगळ्यांचंच पडतं. कशानं मेला विचारलं तर हे सांगतात, मेला म्हणून मेला. मॅट्रिकच्या पेपरात असलं उत्तर लिहिलं असतं तर मास्तरनं भोपळा दिला असता. हे एमबीबीएस झालेत.

हे माझ्या डोक्यातलं नाही. दवाखान्यात माणूस मेला की भरायचा तो फॉर्म ४, आणि घरी मेला तर फॉर्म ४ अ. त्या फॉर्मवरच छापलंय की मरण्याची तऱ्हा लिहू नका, हार्ट फेल वगैरे लिहू नका. ज्या रोगानं, ज्या जखमेनं माणूस गेला ते लिहा. पहिल्या भागात तीन ओळी आहेत. वरच्या ओळीत शेवटचा घाव. त्याच्या खाली, तो कशामुळे. त्याच्याही खाली, मूळ कारण, जिथून सगळं सुरू झालं. शेजारी कॉलम : किती तास, किती दिवस, किती वर्षं. दुसऱ्या भागात ज्यानं मरणाला हातभार लावला ते. म्हणजे कागदच डॉक्टरला सांगतोय, बाबा खाली उतर, मुळापर्यंत जा. हे वरच्या ओळीवरच बसतात.

मी गोदीत पोती वाहतो. पोतं फाटलं तर मुकादम नुसतं 'फाटलं' लिहून घेत नाही. हुक लागला का, भिजलेलं होतं का, कुणाच्या पाळीत, कुठल्या टोळीच्या पाठीवर? सिमेंटच्या पोत्याला एवढी चौकशी.

आता राजूर. नगर जिल्हा, अकोले तालुका. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. होऊ द्या, मरायची पद्धत तीच आहे.) वर भंडारदऱ्याचं १९२६ सालचं धरण, पाणी खाली उसाला जातं. वरच्या वाड्यांतली ठाकर, महादेव कोळी, आमच्यासारखी माणसं कामाला नारायणगाव-जुन्नरकडं जातात. तिथं माझा चुलता मेला. भाताच्या दिवसांत, रात्री, जमिनीवर झोपलेला. पहाटे पोटात कळ आली. पापण्या मिटायला लागल्या, उचलेनात. चुलती म्हणाली, रात्रीचं शिळं बाधलं. जीप मिळेपर्यंत उजाडलं. ज्या दवाखान्यात नेला त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यानं केलं ते बरेच करतात. लिहिलं : कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट. पोस्टमार्टेम नाही, पोलिसांना वर्दी नाही.

दोस्तांनो, ही लक्षणं मण्यारीची आहेत. मण्यार रात्री येते, झोपलेल्याला चावते. सूज नाही, दात लागल्याची खूणही बऱ्याचदा दिसत नाही. पोट दुखतं, पापण्या खाली येतात, मग छातीचे स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. वेळेत विषावरची लस आणि श्वासाचं मशीन मिळालं तर माणूस जगतो. म्हणजे 'श्वसन बंद' हे खोटं नाही, अर्धं आहे. खालची ओळ कोरी ठेवली. त्या ओळीत 'मण्यार चावल्याचा संशय' एवढं लिहिलं असतं तर? खाटेवर झोपणाऱ्याला मण्यार सहसा चावत नाही. जमिनीवर झोपणाऱ्याला चावते. त्या कोऱ्या ओळीत मण्यार होती, खाट नव्हती तेही होतं, आणि जीप नव्हती तेही.

चुलत्याचं सातबाऱ्यावर नाव होतं, वाटणीचे चार गुंठे. सर्पदंशाला सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, दोन लाख. चुलतीचा कागद परत आला. सर्पदंशाचा पुरावा काय? (ज्याचा सातबाराच नाही त्याला तर विचारतसुद्धा नाहीत. साप त्याला चावत नसावा.)

'मिलियन डेथ स्टडी' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात दवाखान्याच्या कागदावर न विसंबता घरच्यांना विचारत गेले, कसा मेला, आधी काय झालं. तेव्हा कळलं, २००० ते २०१९ या वीस वर्षांत या देशात सापानं अंदाजे बारा लाख माणसं मारली. वर्षाला अठ्ठावन्न हजार. सरकारी आकडा त्याच्यापुढं किरकोळ. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरनं दिलेलं कारण होतं. बाकीचे मेले, बस.

भुकेचं तसंच. पोर न्यूमोनियानं गेलं, जुलाबानं गेलं. मेळघाटच्या पोरांसाठी १९९० च्या दशकापासून हायकोर्टात याचिका चालू आहेत, आणि दर पावसाळ्यात तोच शब्दच्छल : कुपोषणानं नाही, आजारानं. हे भांडण जुनं आहे. १८३९ साली लंडनमध्ये विल्यम फार या माणसानं मृत्यूंच्या पहिल्या सरकारी अहवालात ६३ मृत्यूंपुढं 'उपासमार' लिहिलं. गरिबांच्या कायद्याचा साहेब एडविन चॅडविक तुटून पडला, भुकेनं नाही, रोगानं मेले म्हणून. म्हणजे आमचे साहेब अजून चॅडविकचीच री ओढतायत. जगभरच्या रोगांच्या यादीत भुकेला नंबर आहे, टी ७३.०. लिहायला जागा आहे, हात होत नाही. आणि मृत्यू नोंदायचा फॉर्म २ बघा. विडी किती वर्षं ओढत होता? तंबाखू किती वर्षं? दारू किती वर्षं? धंदाही विचारतात. उपाशी किती दिवस होता, हे विचारणारा रकाना नाही.

२०२१ च्या जुलैत राज्यसभेत काय झालं आठवा. मंत्री रामदास आठवले, एकेकाळचे पँथर, लेखी उत्तर देतात : हातानं मैला उचलताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात उतरून मेलेल्यांचा रकाना वेगळा. त्याच महिन्यात आरोग्य राज्यमंत्री भारती पवार, शिक्षणानं डॉक्टर, निवडून आल्या दिंडोरीतून, सांगतात की ऑक्सिजनअभावी मृत्यूची नोंद राज्यांनी कळवली नाही. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला ऑक्सिजनची गळती होऊन बावीस माणसं गेली होती. तीन महिने झाले होते फक्त.

आता परभणी. १५ डिसेंबर २०२४. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतरच्या धरपकडीत उचललेला सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, न्यायालयीन कोठडीत गेला. मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले, श्वसनाचा आजार होता, मारहाण झाली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शवविच्छेदनात लिहिलं : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. तेवढ्या शब्दांवर आई कोर्टात उभी राहिली. ४ जुलै २०२५ ला हायकोर्टानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, ३० जुलैला सुप्रीम कोर्टानं तो हुकूम कायम ठेवला. त्या डॉक्टरांनी आमच्यावर मेहेरबानी केली नाही. खालची ओळ भरली.

डॉक्टर म्हणतील, रात्रपाळीचं पोरगं असतं, शिकवलेलं नसतं, नातेवाईक मढ्यासाठी घाई करतात, फाडू नका म्हणून पाया पडतात. खरंय. आमचेच लोक पाया पडतात. पण सर्पदंश, अपघात, कोठडी यात पंचनामा कायद्यानं लागतो, नातेवाइकाच्या मर्जीवर नाही. आणि शिकवलं नसेल तर शिकवा. तीन ओळी आहेत. आम्ही कोरडवाहू शाळेत बसून मॅट्रिक झालो, हे तर एवढाली पुस्तकं पाठ करून येतात.

एक कामाची गोष्ट. ग्रामपंचायतीचा दाखला मिळतो त्यावर मृत्यूचं कारण नसतं. १९६९ चा कायदाच तसा आहे. कारण असतं फॉर्म ४ वर. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो कायदा बदललाय : सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्यानं कारणाचा दाखला निबंधकाकडे द्यायचा आणि एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत. वस्तीत कुणी गेलं तर रडायला चार जणी असतात. तुमच्यापैकी एकानं काउंटरवर जायचं. प्रत मागायची. नाही म्हणाले तर अर्ज लिहायचा, तारीख टाकायची, पोच घ्यायची. हातात आली की तिथंच वाचायची. खालच्या ओळी कोऱ्या असतील तर डॉक्टरला तिथंच विचारायचं, कशामुळे?